अणुभौतिकीतली ऊर्जेची एककं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते? प्रश्न एवढा साधा, पण उत्तर शोधायला गेलं की एका ठिकाणी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिसतं, दुसरीकडे १,०९,६७९ पर सेंटीमीटर, तिसरीकडे ३२८८ टेराहर्ट्झ, केमिस्ट्रीच्या पुस्तकात १३१२ किलोजूल पर मोल आणि एखाद्या प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये नुसतं ०.५. नवीन माणूस इथेच गांगरतो. खरं तर हे सगळे आकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि यातलं एकही एकक उगाच आलेलं नाही. ज्याने व्होल्टमीटर वापरला त्याने व्होल्टमध्ये सांगितलं, ज्याने वर्णपटाच्या रेषा मोजल्या त्याने तरंगलांबीवरून सांगितलं, ज्याने मायक्रोवेव्ह वापरले त्याने हर्ट्झमध्ये. त्यामुळे कुठलंही एकक समोर आलं की आधी हे विचारायचं की इथे प्रत्यक्षात मोजलं काय होतं. ही एक सवय लागली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो, बाकीचा अर्धा खालच्या पायऱ्यांनी मिटेल.

पायरी १: इलेक्ट्रॉन व्होल्ट पक्का करा

एक इलेक्ट्रॉन एक व्होल्टच्या फरकातून गेला की त्याला जी ऊर्जा मिळते ती १ इलेक्ट्रॉन व्होल्ट, बोलताना सगळे इव्हीच म्हणतात. जूलमध्ये ती १.६०२१७६६३४ × १०^-१९, आणि २० मे २०१९ पासून हा आकडा अचूक धरलाय, म्हणजे त्याच्यामागे आता कसलीही अनिश्चितता नाही, कारण इलेक्ट्रॉनचा प्रभारच ठरवून दिलाय. जूल वापरायला कुणाची मनाई नाही, पण प्रत्येक वेळी १०^-१९ ओढत बसलं की आकड्यांचा अंदाज येणंच बंद होतं.

हे एकक किती सरळ प्रयोगातून येतं ते बघायचं तर फ्रँक आणि हर्ट्झ यांचा १९१४ चा प्रयोग बघा. पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन पाठवले, व्होल्टेज हळूहळू वाढवलं, करंट वाढत गेला आणि मग खाली पडला, परत वाढला, परत पडला, आणि प्रत्येक दोन शिखरांमधलं अंतर साधारण ४.९ व्होल्ट. म्हणजे पाऱ्याचा अणू ऊर्जा घेत होता ती साधारण एवढ्याच तुकड्यांत. इथे डायलवर वाचलेला व्होल्टचा आकडाच अणूच्या ऊर्जापातळीचा आकडा झाला, मधे एकही कन्व्हर्जन नाही.

इथे दोन गोष्टी जपा. व्होल्ट आणि इव्ही एक नव्हेत, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन १००० व्होल्टमधून गेला तर त्याला २००० इव्ही मिळतात. आणि दुसरं म्हणजे छोटा एम आणि मोठा एम: छोटा म्हणजे मिली, मोठा म्हणजे मेगा, दोघांत एक अब्ज पटीचा फरक. टाइप करताना शिफ्ट दाबायचं राहिलं तर तुमचा अणुकेंद्रातला बदल खोलीतल्या उष्णतेइतका होऊन बसतो, म्हणून मी स्वतः तरी शक्य तिथे मिली आणि मेगा हे शब्द पूर्ण लिहितो.

पायरी २: कुठली गोष्ट किती मोठी, हे डोक्यात बसवा

कन्व्हर्जन शिकायच्या आधी हे करा, कारण उत्तर चुकलंय हे ओळखायला हेच कामाला येतं.

सगळ्यात खाली मायक्रो-इव्ही. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्पिनमुळे मूळ पातळीचे जे दोन भाग होतात त्यांच्यातलं अंतर ५.८७ मायक्रो-इव्ही, रेडिओ खगोलशास्त्रातली प्रसिद्ध २१ सेंटीमीटरची रेषा हीच. त्याच्यावर मिली-इव्ही: सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेतला फरक साधारण २.१ मिली-इव्ही, आणि ३०० केल्विनची उष्णता २५.९ मिली-इव्ही. मग इव्ही: दिसणारा प्रकाश ढोबळ मानाने १.७ ते ३.३ इव्ही, आणि उदासीन अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला सीझियमला ३.८९ तर हीलियमला २४.५९, बाकी सगळी मूलद्रव्यं या दोघांच्या मधे. मग किलो-इव्ही, म्हणजे आतल्या कवचांचा कारभार: तांब्याचा के-अल्फा एक्स-रे ८.०५ किलो-इव्हीचा, युरेनियमच्या सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनची बंधनऊर्जा ११५.६ किलो-इव्ही. मेगा-इव्ही आलं की आपण अणुकेंद्रात शिरलो, तो वेगळा विषय.

एवढं लक्षात असेल तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या उडीचं उत्तर ४० किलो-इव्ही आलं की तुम्ही लगेच थांबाल.

पायरी ३: तरंगलांबी, आणि १२४० हा आकडा

पाठ करायचा एकच आकडा सांगा म्हटलं तर मी हा सांगेन. इव्हीमधली ऊर्जा आणि नॅनोमीटरमधली तरंगलांबी यांचा गुणाकार १२३९.८४ येतो, तोंडी हिशोबाला १२४०. प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग या दोघांचा गुणाकार सोयीच्या एककांत मांडला की हे मिळतं. ६२० नॅनोमीटर म्हणजे २ इव्ही, ३१० म्हणजे ४, १२४ म्हणजे १०. तरंगलांबी वाढली की ऊर्जा कमी, हे उलटं नातं आहे आणि नवख्याला सगळ्यात जास्त चकवतं ते हेच, विशेषतः फरक काढताना.

सोडियमचं उदाहरण घ्या. दोन रेषांमध्ये जवळपास ०.६ नॅनोमीटरचा फरक. आता कुणी १२४० ला ०.६ ने भागलं तर २०६७ इव्ही येतात, म्हणजे एक्स-रे. पिवळ्या प्रकाशाच्या दोन शेजारच्या रेषांमध्ये एवढा फरक असूच शकत नाही. बरोबर पद्धत अशी की एकतर दोन्ही रेषांची ऊर्जा वेगवेगळी काढून वजाबाकी करा, नाहीतर १२४० ला तरंगलांबीच्या वर्गाने भागून मग तरंगलांबीतल्या फरकाने गुणा: १२४० भागिले ५८९ चा वर्ग गुणिले ०.६, उत्तर ०.००२१ इव्ही. लेझरच्या रुंदीचा हिशोब असो की स्पेक्ट्रोमीटरच्या रिझोल्यूशनचा, सगळीकडे हेच लागतं, म्हणून हे एकदा हाताने करून बघाच.

पायरी ४: पर सेंटीमीटर, म्हणजे तरंगसंख्या

एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात तो आकडा म्हणजे तरंगसंख्या, आणि १ इव्ही म्हणजे ८०६५.५४ पर सेंटीमीटर. काही जुन्या लिखाणात याला कायझर असंही म्हटलेलं सापडेल. ऊर्जेचं एकक लांबीच्या उलट कसं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण वर्णपटाचं काम क्वांटम सिद्धांताच्या कितीतरी आधीचं. बाल्मरने १८८५ मध्ये हायड्रोजनच्या रेषांचं सूत्र दिलं, रिडबर्गने १८८८ मध्ये ते तरंगसंख्येत मांडून बाकीच्या मूलद्रव्यांपर्यंत नेलं, आणि तेव्हा फोटॉन नावाची कल्पनाही नव्हती. लोकांकडे ग्रेटिंग होतं, त्याने तरंगलांबी मोजता यायची, ती उलटी केली की दिसायचं की प्रत्येक रेष म्हणजे दोन संख्यांची वजाबाकी आहे. त्या दोन संख्या म्हणजेच आजच्या भाषेत ऊर्जापातळ्या. तरंगसंख्यांची बेरीज वजाबाकी थेट करता येते, तरंगलांब्यांची येत नाही, वर्णपटवाल्यांना हे एकक प्रिय आहे ते याचसाठी आणि माझ्या मते पातळ्यांचे तक्ते वाचायला आजही याच्याइतकं सोयीचं काही नाही.

आता यातला एक खड्डा, जो पुस्तकात तळटीपेत असतो पण प्रत्यक्षात फार त्रास देतो. हवेतली तरंगलांबी आणि निर्वातातली तरंगलांबी वेगळी असते, कारण हवेचा अपवर्तनांक १ नसून दृश्य प्रकाशासाठी साधारण १.०००२८ आहे. फरक नगण्य वाटतो ना? सोडियमची जास्त ऊर्जेची रेष हवेत ५८८.९९५ नॅनोमीटर आणि निर्वातात ५८९.१५८. तरंगसंख्या निर्वातातल्या आकड्यावरून काढली तर १६,९७३.४ येते आणि तीच बरोबर, हवेतल्या आकड्यावरून काढली तर १६,९७८.१, म्हणजे जवळजवळ ५ ची चूक. सोडियमच्या दोन रेषांमधलं एकूण अंतरच १७.२ पर सेंटीमीटर आहे, त्यात ५ ची चूक म्हणजे काय ते बघा. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या अणुवर्णपटांच्या डेटाबेसमध्ये २०० ते २००० नॅनोमीटरमधल्या तरंगलांब्या तुम्ही सेटिंग बदललं नाही तर हवेतल्याच दाखवतात, आणि ऊर्जापातळ्या मात्र पर सेंटीमीटरमध्ये असतात ज्यांचा हवेशी संबंध नाही. म्हणून जमेल तिथे ऊर्जा पातळ्यांच्या वजाबाकीवरूनच काढा.

पायरी ५: फ्रिक्वेन्सी

१ इव्ही म्हणजे २४१.८ टेराहर्ट्झ आणि १ पर सेंटीमीटर म्हणजे २९.९८ गिगाहर्ट्झ, हा दुसरा आकडा प्रकाशाच्या वेगाचाच आहे त्यामुळे वेगळा पाठ करायची गरज नाही.

ज्या गोष्टी मायक्रोवेव्ह किंवा रेडिओने मोजल्या जातात तिथे हर्ट्झच येणार. सीझियमची सेकंद ठरवणारी फ्रिक्वेन्सी ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झ, १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच ती. इव्हीत हे ३८ मायक्रो-इव्ही, पण तसं कुणी म्हणत नाही कारण मोजणाऱ्याने हर्ट्झ मोजले होते आणि तेही दहा अंकांपर्यंत. लँब आणि रेदरफर्ड यांनी, म्हणजे विलिस लँब आणि रॉबर्ट रेदरफर्ड, न्यूक्लियसवाले रदरफर्ड नव्हेत, १९४७ मध्ये हायड्रोजनच्या दोन पातळ्यांमध्ये जो बारीक फरक शोधला तो साधारण १०५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.४ मायक्रो-इव्ही. एवढ्याशा फरकाने क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सला, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या क्वांटम सिद्धांताला, वाट दाखवली, मला दर वेळी वाचताना याचं अप्रूप वाटतं.

फ्रिक्वेन्सीतला खड्डा म्हणजे २ पाय (2π). साधी फ्रिक्वेन्सी आणि कोनीय फ्रिक्वेन्सी यांच्यात ६.२८ पटीचा फरक असतो आणि लेझर कूलिंगच्या, म्हणजे लेझरने अणू थंड करण्याच्या, पेपरमध्ये दोन्ही सर्रास वापरतात. रुबिडियम ८७ च्या ७८० नॅनोमीटरच्या रेषेची नैसर्गिक रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ, पण हीच गोष्ट सेकंदाला ३.८१ कोटी अशी पण लिहितात. काळजीपूर्वक लिहिणारे लोक २ पाय गुणिले ६.०७ मेगाहर्ट्झ असं लिहितात, तेव्हा समजायचं की साधी फ्रिक्वेन्सी ६.०७ आहे. तुम्ही लिहाल तेव्हा असंच लिहा, वाचणारा दुवा देईल.

पायरी ६: केल्विन

तापमान हे काही ऊर्जा नव्हे, पण बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणलं की ऊर्जा होते, आणि १ इव्ही म्हणजे ११,६०४.५ केल्विन. इथे रिवाज असा आहे की बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, बस, त्याच्यापुढे दीड लावायचा नाही. वायूतल्या अणूची सरासरी गतिज ऊर्जा काढताना दीड येतो, ती वेगळी गोष्ट.

याचा उपयोग कुठे, तर अणू साध्या तापमानाला कुठल्या पातळीत असतील हे चटकन सांगायला. हायड्रोजनची पहिली उत्तेजित पातळी १०.२ इव्ही वर. ३०० केल्विनला उष्णता ०.०२५९ इव्ही. भागाकार जवळपास ३९५, म्हणजे उष्णतेने अणू वर जायची शक्यता ई (e, म्हणजे २.७१८) चा उणे ३९५ वा घात, व्यवहारात शून्य. आणि तोच हायड्रोजन, पण २१ सेंटीमीटरच्या रेषेचं अंतर केल्विनमध्ये ०.०६८, म्हणून अंतराळातल्या थंडगार वायूतही ती वरची पातळी भरलेली असते. एकाच अणूची दोन अंतरं, आणि केल्विनमध्ये मांडल्याबरोबर दोघांचं वागणं वेगळं का ते कळतं.

थंड अणूंच्या प्रयोगांत १ मेगाहर्ट्झ म्हणजे ४८ मायक्रोकेल्विन हे लक्षात ठेवा. वरच्या रुबिडियमची ६.०७ मेगाहर्ट्झ रुंदी घ्या, निम्मी करा, ४८ ने गुणा, १४६ मायक्रोकेल्विन. ही त्याची डॉप्लर कूलिंगची मर्यादा, म्हणजे लेझरने थंड करायच्या साध्या पद्धतीने गाठता येणारं सगळ्यात कमी तापमान.

पायरी ७: रिडबर्ग आणि हार्ट्री

ही दोन एककं गणित करणाऱ्यांची. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, प्रभार, आणि प्लांक स्थिरांक भागिले २ पाय, हे सगळं १ धरलं की श्रोडिंगरचं समीकरण एकदम सुटसुटीत होतं आणि ऊर्जा हार्ट्रीत येते. १ हार्ट्री म्हणजे २७.२११४ इव्ही. रिडबर्ग त्याच्या बरोबर निम्मा, १३.६०५७ इव्ही. हार्ट्री हवेतून आलेला नाही हे बघायचं असेल तर इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५,१०,९९९ इव्ही घ्या आणि १३७.०३६ (फाइन स्ट्रक्चर स्थिरांकाचा व्यस्त) च्या वर्गाने भागा, २७.२११ येतात. म्हणजे अणूतल्या ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेपेक्षा इतक्या लहान का, याचं उत्तर त्या १३७ मध्ये आहे.

मग हायड्रोजनची आयनीकरण ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायची ऊर्जा, बरोबर १ रिडबर्ग का? नाही, १३.५९८४ इव्ही आहे, १३.६०५७ नाही. रिडबर्ग हे एकक अणुकेंद्र अनंत जड आहे असं मानून काढलेलं, आणि खरा प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, अनंत नव्हे. १३.६०५७ ला १८३६.१५ ने गुणून १८३७.१५ ने भागा, १३.५९८३ येतं, उरलेला बारीक फरक मुख्यतः सापेक्षतेचा. पर सेंटीमीटरमध्ये म्हणूनच दोन आकडे फिरताना दिसतात, १,०९,७३७ आणि १,०९,६७८ च्या आसपासचा, पहिला अनंत जड केंद्राचा, दुसरा खऱ्या हायड्रोजनचा.

प्रोग्राम वापरणाऱ्यांनी आधी मॅन्युअल उघडून एकक बघावं. क्वांटम एस्प्रेसो रिडबर्गमध्ये ऊर्जा देतो, गॉसियन हार्ट्रीत देतो, आणि एकच ऊर्जा या दोन एककांत लिहिली की दुपटीचा फरक दिसतो. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं की आधी याच्यावर संशय घ्या.

अजून एक. प्रोग्राम जी ऊर्जा देतो ती एकूण ऊर्जा असते, एक इलेक्ट्रॉन काढायची नव्हे. हीलियमची एकूण ऊर्जा उणे २.९०३७ हार्ट्री, म्हणजे उणे ७९.० इव्ही, आणि तक्त्यात आयनीकरण ऊर्जा २४.५९. विसंगती काहीच नाही, पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.५९ आणि दुसरा काढायला ५४.४२, बेरीज ७९.०१.

पायरी ८: मोलवाले आकडे

केमिस्ट्रीवाले एका अणूचं न बोलता एका मोलचं बोलतात. १ इव्ही प्रति कण म्हणजे ९६.४८५ किलोजूल पर मोल किंवा २३.०६ किलोकॅलरी पर मोल, आणि १ हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी पर मोल. हायड्रोजनच्या रेणूचा बंध तोडायला ४.४८ इव्ही, मोलला ४३२ किलोजूल. यात चकवा एवढाच की "पर मोल" कशाचा मोल ते बघायचं, रेणूंचा की सुट्या अणूंचा, एका रेणूतून दोन अणू निघतात त्यामुळे आकडा निम्मा होतो.

आता एकदा सगळं एकत्र

फ्रँक-हर्ट्झच्या प्रयोगातली पाऱ्याची तीच पातळी घ्या. निर्वातातली तरंगलांबी २५३.७२८ नॅनोमीटर. १ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी नॅनोमीटर, त्याला या आकड्याने भागलं की ३९,४१२ पर सेंटीमीटर. ८०६५.५४ ने भागलं की ४.८८६५ इव्ही. २४१.८ ने गुणलं की ११८१.६ टेराहर्ट्झ. २७.२११४ ने इव्ही भागले की ०.१७९६ हार्ट्री. ९६.४८५ ने गुणले की ४७१.५ किलोजूल पर मोल. ११,६०४.५ ने गुणले की ५६,७०० केल्विन. कागदावर स्वतः करा आणि मग उलटा प्रवास करून २५३.७ ला परत या, या एका सरावाने हात बसतो.

हे करताना अंकांची किंमत जपा. फ्रँक-हर्ट्झच्या डायलवरचा आकडा ४.९ व्होल्ट होता. त्याला सरळ ८०६५.५४ ने गुणलं तर ३९,५२१ पर सेंटीमीटर येतात आणि कॅल्क्युलेटर अजून चार दशांश स्थळं दाखवायला तयार असतो, पण खरी पातळी ३९,४१२ वर आहे, १०९ चा फरक. ४.९ मध्ये दोनच अंक होते, म्हणून उत्तरही ३९,००० ते ४०,००० च्या मधे कुठेतरी एवढंच म्हणता येतं. उलट हायड्रोजनची १एस ते २एस (मूळ पातळीपासून दुसऱ्या पातळीपर्यंतची) ही उडी हर्ट्झमध्ये १५ अंकांपर्यंत मोजलेली आहे, ती इव्हीत १०.२ लिहिली की त्या मोजमापाची सगळी मेहनत पुसली जाते. अशा वेळी मूळ एककातला आकडा तसाच ठेवा, आणि इव्हीतला हवाच असेल तर शेजारी कंसात द्या.